जुनी बोटं, नवी आवृत्ती

ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायचा प्रोग्राम, अपग्रेड केला की पहिला बळी जातो ट्रिम या रेषा कापणाऱ्या कमांडचा.

वर्षानुवर्षं कॅडवर बसणाऱ्याच्या डाव्या हाताला एक चाल पाठ असते: टी, आर, एंटर, एंटर. पहिल्या एंटरने कमांड सुरू होते, दुसऱ्याने 'सगळ्याच रेषा कापणाऱ्या धर' असा हुकूम सुटतो, आणि मग उजव्या हाताने नको असलेली शेपटं उडवत जायचं. यात डोक्याचा काही संबंध नसतो. डोकं त्या वेळी संध्याकाळी ड्रॉइंग पाठवायचंय या काळजीत असतं.

ऑटोकॅडच्या २०२१ च्या आवृत्तीत ट्रिम 'क्विक' झालं. आता सगळ्या रेषा आपोआपच कापणाऱ्या धरल्या जातात. दुसऱ्या एंटरची गरज उरली नाही, आणि नुसती गरजच उरली नाही असं नव्हे, तर दुसरा एंटर कमांड संपवून टाकतो. ही बातमी बोटांपर्यंत पोचायला वेळ लागतो. बोटं सवयीने एंटर मारून मोकळी होतात, उजवा हात क्लिक करत सुटतो आणि रेषा कापल्या जाण्याऐवजी अंगावर निळे चौकोन मिरवत बसतात. 'ट्रिम बिघडलंय' ही तक्रार इथे जन्माला येते. ट्रिमला काही झालेलं नसतं. ते फक्त आपल्या आधी घरी गेलेलं असतं.

क्विकची आणखी एक खोड माहीत असलेली बरी. जी रेषा कोणालाच छेदत नाही तिच्यावर क्लिक पडलं, तर क्विक ट्रिम ती अख्खीच पुसून टाकतं. जुन्या चालीने हात चालवणाऱ्याला हे लगेच कळतही नाही. प्रिंट हातात आल्यावर एखादी पाइपलाइन नाहीशी झालेली सापडते. जुनी पद्धत परत हवी असेल तर 'ट्रिमएक्स्टेंडमोड' टाइप करून किंमत ० द्यायची, नवी हवी असेल तर १. मला विचाराल तर १ च ठेवा. ठरावीक रेषांपर्यंतच कापायचं असेल तेव्हा क्विकमध्येही 'टी' दाबून कापणाऱ्या रेषा निवडता येतात. बोटं हळूहळू शिकतात, फक्त त्यांचा अपमान करू नका.

असे बदल आवृत्तीगणिक झालेले आहेत. २०१२ मध्ये एकाच वस्तूच्या रांगेने प्रती काढणाऱ्या अ‍ॅरेचा परिचयाचा डायलॉग गायब झाला. 'अ‍ॅरेक्लासिक' लिहिलं की परत येतो. २०१५ मध्ये 'क्लासिक' वर्कस्पेस, म्हणजे स्क्रीनवरची जुनी टूलबारवाली मांडणी, गेली, आणि त्याच आवृत्तीत लासो आला. बटण दाबून माउस ओढला की सरळ चौकोनाऐवजी वेडीवाकडी निवड होऊ लागली. ज्यांना क्लिक करताना बटण दाबून ठेवायची सवय आहे त्यांना तो बग वाटला, आणि वाटणारच. ऑप्शन्समधल्या सिलेक्शनच्या पानावर लासोची खूण काढली की विषय संपतो. २०२० मध्ये इन्सर्ट लिहिलं की डायलॉगऐवजी ब्लॉक्सची, म्हणजे साठवून ठेवलेल्या तयार चित्रांची, लांबलचक पट्टी उघडू लागली. तिथे 'क्लासिकइन्सर्ट' आहे. एकूण काय, कमांडच्या आधी 'क्लासिक' लावून पाहावं. कधी आधी, कधी नंतर. नियम असा नाही. बनवणाऱ्यांनी जुन्या वाटा बुजवलेल्या नाहीत, त्यांच्यावरच्या पाट्या तेवढ्या काढल्या आहेत.

क्लासिक वर्कस्पेससाठी हळहळणाऱ्यांना ती हाताने उभी करता येते. 'मेन्यूबार' १ करायचा, 'रिबनक्लोज' मारायचं, हवे ते टूलबार काढून जागच्या जागी बसवायचे आणि मग ही मांडणी नाव देऊन वर्कस्पेस म्हणून सेव्ह करायची. शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात आणि कोणीतरी वर्कस्पेस बदलली की तासाभराची मांडामांड एका क्लिकसरशी पुसली जाते. कमांड लाइनच दिसत नसेल तर कंट्रोल आणि ९. कॉपीसाठी कंट्रोल-सी मारताना बोट ९ वर कसं जातं हे कोडं मला सुटलेलं नाही, पण जातं.

आता खरोखरच्या बिघाडांकडे येऊ. इथे सगळ्यात मोठा धोका सॉफ्टवेअरचा नसून उत्साहाचा असतो. काहीही अडलं की पहिला सल्ला ठरलेला: 'काढून पुन्हा टाक.' रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पुन्हा इन्स्टॉल करण्यात अर्धा दिवस जातो, आणि बहुतेक वेळा दोष जिथल्या तिथे राहतो, कारण इन्स्टॉलर युजरच्या प्रोफाइलमधल्या सेटिंगना सहसा हात लावत नाही. जे बिघडलेलं असतं ते तिथेच असतं.

त्यापेक्षा आधी आरोपी ठरवावा. संशयित तीनच: ड्रॉइंग, प्रोफाइल आणि मशीन. ड्रॉइंगची झडती सोपी. कोरी फाइल उघडायची आणि तीच कमांड तिथे द्यायची. कोऱ्या फाइलमध्ये सगळं सुरळीत चाललं तर दोष ड्रॉइंगमध्ये आहे. तिथेही तीच रड असेल तर ऑप्शन्समध्ये जाऊन नवं प्रोफाइल तयार करायचं, रिसेट करून चालू करायचं आणि पुन्हा पाहायचं. तेव्हा बरं वाटलं तर प्रोफाइल दोषी. तरीही नाहीच, तर तीच फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची. या तीन चाचण्यांना फार वेळ लागत नाही. लागतो तो धीर. समोर ड्रॉइंग अडकलेलं असताना कोरी फाइल उघडणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे, असं प्रत्येकाला वाटतं.

प्रोफाइलवाल्या आजारांमधला माझा आवडता 'फाइलडिया'. ओपनवर क्लिक केलं की फाइल निवडायची खिडकी उघडायला हवी. त्याऐवजी काहीच होत नाही. पुन्हा क्लिक, पुन्हा काहीच नाही. खाली कमांड लाइनमध्ये मात्र एक ओळ नम्रपणे विचारत असते की उघडायच्या ड्रॉइंगचं नाव काय. खाली कोणी बघतच नाही, त्यामुळे तिला उत्तर मिळत नाही. 'फाइलडिया' या सेटिंगची किंमत ० झालेली असते, ती १ करायची की खिडकी हजर. घाई असेल तर त्या प्रश्नाला नुसतं लहरी चिन्ह, म्हणजे कीबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातली टिल्ड, टाइप करून एंटर मारलं तरी त्या वेळेपुरती खिडकी उघडते.

ही किंमत ० करतो कोण? बहुधा एखादं लिस्प, म्हणजे ऑटोकॅडच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम. लिस्प लिहिणारे कामाच्या सुरुवातीला काही सेटिंग बदलतात आणि शेवटी पूर्ववत करतात. त्यात गैर काही नाही. पण युजरने मधेच एस्केप दाबलं, किंवा नव्या आवृत्तीत एखादी ओळ अडली, तर लिस्प अर्ध्यावर मरतं आणि 'शेवटी' कधी येतच नाही. फाइलडिया ० ची ० च राहते. ती रजिस्ट्रीत साठवली जात असल्याने प्रोग्राम बंद करून चालू केला तरी फरक पडत नाही. 'रीस्टार्ट करून पाहिलं का?' या जगन्मान्य प्रश्नाचा इथे काहीही उपयोग नाही.

कर्सरला रेषेच्या नेमक्या बिंदूवर चिकटवणाऱ्या स्नॅपचंही तेच. 'ओएसमोड' नावाचा एक आकडा सगळे ऑब्जेक्ट स्नॅप सांभाळतो. एंडपॉइंटचा १, मिडपॉइंटचे २, सेंटरचे ४, इंटरसेक्शनचे ३२, आणि चालू असतील त्यांची बेरीज. हे चार हवे असतील तर ३९. एफ३ दाबून स्नॅप तात्पुरते बंद केले की त्यात १६३८४ मिळवले जातात, म्हणजे निवड तशीच राहते, फक्त झोपते. अर्धवट मेलेल्या लिस्पने मात्र आकडा थेट ० केलेला असतो. मग एफ३ कितीही बडवा, जागं व्हायला आत कोणी उरलेलंच नसतं. ओएसमोड टाइप करून ३९ द्या. आणि लिस्प आपलंच असेल तर त्यात एरर फंक्शन घाला: सुरुवातीला जुनी किंमत एका व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि काम पुरं झालं काय किंवा फसलं काय, दोन्ही वाटांवर ती परत लावायची. चार ओळींचं काम आहे. ते न करणाऱ्यांमुळे या लेखाला विषय मिळतो.

एक एक रेषा निवडली की आधीची सुटून जाते? 'पिकअ‍ॅड' ० झालंय, २ करा. मिरर केलं की अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येतात? 'मिरटेक्स्ट' ० करा. चाक दाबलं की ड्रॉइंग सरकायच्या ऐवजी मेन्यू उघडतो? 'एमबटनपॅन' १. वर्तुळं षट्कोनासारखी दिसतायत? 'रीजेन' मारा, त्याने भागलं नाही तर 'व्ह्यूरेस'चा आकडा वाढवा. २०१६ पासून 'सिसव्हारमॉनिटर' नावाचा एक पहारेकरी सोबत येतो. ज्या सेटिंगवर नजर ठेवायला सांगाल त्यांतली एखादी हलली की तो खालच्या पट्टीवरून ओरडतो. त्याचे फुगे बघायचे नाहीत, दिसताक्षणी बंद करायचे, हा सर्वमान्य शिष्टाचार झालाय, त्याला त्याचा इलाज नाही.

लिस्पं मुळात लोडच होत नसतील तर मामला वेगळा. २०१४ पासून ऑटोकॅड अनोळखी कोडकडे संशयाने पाहतं, आणि त्याला कारणही आहे. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये गुपचूप 'अ‍ॅकॅडडॉक' नावाची फाइल टाकून पसरणारे व्हायरस खरोखरच आहेत. प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ही फाइल आपोआप उगवताना दिसली तर अपग्रेडला दोष देणं थांबवा आणि आधी मशीन स्कॅन करा. या संशयी वागण्याला 'सिक्युअरलोड' म्हणतात. किंमत १ असताना विश्वासू यादीबाहेरची फाइल लोड करायच्या आधी विचारणा होते, २ असताना न विचारताच नकार मिळतो. ० केलं की दरवाजे सताड उघडे. चिडून ० करणारे पुष्कळ आहेत. करू नका.

योग्य रस्ता जरा कंटाळवाणा आहे. लिस्पचं फोल्डर ऑप्शन्समध्ये दोन ठिकाणी नोंदवावं लागतं: एकदा सपोर्ट फाइल सर्च पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रामला ते सापडतं, आणि एकदा ट्रस्टेड लोकेशन्समध्ये, म्हणजे त्यावर भरवसा बसतो. सापडणं वेगळं आणि भरवसा बसणं वेगळं, हे सॉफ्टवेअरला माणसांपेक्षा चांगलं कळतं. आतले उपफोल्डरही हवे असतील तर विश्वासू पाथच्या शेवटी उलटी तिरकी रेघ आणि तीन टिंबं द्यायची. ती तीन टिंबं राहिली की वरच्या फोल्डरमधली लिस्पं चालतात, आतली चालत नाहीत, आणि हा बिघाड इतका अर्धामुर्धा असतो की त्यावर कोणाचा संशयच जात नाही.

साधी लिस्पं बहुधा नव्या आवृत्तीत तग धरतात. कंपाइल केलेली अ‍ॅड-ऑन्स धरत नाहीत. एआरएक्स फाइल त्या-त्या आवृत्तीच्या मापाने शिवलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर अ‍ॅड-ऑन्स लिहिणाऱ्यांना २०२५ ची आवृत्ती विशेष जड गेली, कारण तिने डॉटनेट फ्रेमवर्क सोडून डॉटनेट ८ धरलं. व्हीबीएचे मॅक्रो असतील तर त्याचं मॉड्यूल २०१० पासून वेगळं उतरवून बसवावं लागतं. तेव्हा अपग्रेडचं बटण दाबण्याआधी अ‍ॅड-ऑनवाल्याकडे नवी प्रत तयार आहे का हे विचारावं. नंतर विचारलं तरी उत्तर मिळतं, पण ते 'लवकरच' असं असतं.

शॉर्टकटचं दुःख त्यामानाने किरकोळ. सी म्हणजे कॉपी आणि सीसी म्हणजे वर्तुळ असं ज्यांनी लावून घेतलंय त्यांची 'अ‍ॅकॅड.पीजीपी' ही साधी मजकुराची फाइल असते. जुनी फाइल उचलून नव्यावर थापू नका, नव्या आवृत्तीचे नवे शॉर्टकट त्यात बुडतात. फाइलच्या अगदी तळाशी युजरच्या शॉर्टकटसाठी वेगळी जागा दिलेली आहे, तिथे आपल्या ओळी चिकटवायच्या. एकाच अक्षराच्या दोन व्याख्या असल्या तर नंतरची जिंकते. मग 'रीइनिट' मारलं की प्रोग्राम बंद न करता त्या लागू होतात. ही फाइल विंडोजच्या अ‍ॅपडेटा नावाच्या, मुळात लपवून ठेवलेल्या फोल्डरच्या पोटात बऱ्याच पायऱ्या खाली असते. तिथवर पोचणाऱ्याला शॉर्टकटचं मोल कळतं.

आता स्क्रीनचे चाळे. कर्सर मागे रेषांचा माग सोडतो, हॅच, म्हणजे आकारात भरलेल्या रेघा, झूम केल्यावर विरघळतं, निवडलेली वस्तू चमकायची सोडून नाहीशी होते. इथे माझा संशय थेट ग्राफिक्स ड्रायव्हरवर जातो. 'ग्राफिक्सकॉन्फिग' उघडा, हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा आणि पाहा. चाळे थांबले तर आरोपी सापडला. आता ड्रायव्हर बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा उतरवून बसवा आणि अ‍ॅक्सिलरेशन परत चालू करा. हा दुसरा भाग लोक गाळतात, आणि पुढे वर्षभर 'नवी आवृत्ती फार स्लो आहे' असं सांगत फिरतात. प्रोग्राम उघडतानाच कोसळत असेल तर तो डायलॉग गाठणार कसा? डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये शेवटी एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'नोहार्डवेअर' असं जोडलं की तो अ‍ॅक्सिलरेशनशिवाय उघडतो. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली प्रोग्राम निवडून 'हाय परफॉर्मन्स' द्या. नाहीतर महागडं कार्ड आराम करतं आणि कामाचा सगळा भार प्रोसेसरमधल्या चिमुकल्या चिपवर पडतो. अशी विभागणी अनेकांच्या ओळखीची असेल.

ड्रायव्हर नवा आहे तरी रेषा थरथरतात, वर्तुळ पॅन करताना उडी मारतं, स्नॅपची खूण रेषेच्या शेजारी हवेत लागते. आता आयडी कमांड देऊन कोपऱ्याचे कोऑर्डिनेट वाचा. तिथे दहा-दहा आकडी संख्या दिसल्या तर गंमत कळली. ड्रॉइंग सर्व्हेच्या खऱ्या कोऑर्डिनेटवर आहे आणि एकक मिलिमीटर आहे. फाइलच्या आत आकडे दुहेरी अचूकतेने, म्हणजे १५-१६ अर्थपूर्ण अंकांनी, साठवलेले असतात, त्यामुळे भूमिती शाबूत असते. ग्राफिक्स कार्ड मात्र बरंचसं गणित एकेरी अचूकतेत करतं आणि तिथे साधारण सातच अंक धड असतात. मूळ बिंदूपासून दोन अब्ज मिलिमीटरवर एकेरी अचूकतेच्या दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतर भरतं १२८ मिलिमीटर. म्हणजे त्या हिशेबात तुमच्या ११५ मिलिमीटरच्या भिंतीच्या दोन्ही कडा एकाच आकड्यावर येऊन बसू शकतात. जुन्या आवृत्तीत हे झाकून गेलं असेल, नव्यात अ‍ॅक्सिलरेशन जोरात चालू झालं आणि उघड्यावर आलं.

यावर बहुतेक जण यूसीएस, म्हणजे युजरने ठरवलेले कोऑर्डिनेटचे अक्ष, हलवतात. त्याने आकडे छोटे दिसतात, पण फाइलच्या आत वस्तू आहेत तिथेच राहतात, तेव्हा थरथर जात नाही. काम मूळ बिंदूजवळ करायचं, सर्व्हेची फाइल एक्सरेफ, म्हणजे बाहेरून जोडलेलं ड्रॉइंग, म्हणून जोडायची आणि किती सरकवलं तो आकडा ड्रॉइंगवरच ठळक लिहून ठेवायचा. ड्रॉइंगवर म्हणजे ड्रॉइंगवर, डायरीत नाही.

दोष ड्रॉइंगमध्येच आहे असं ठरलं तर औषधोपचाराचा क्रम ठरलेला आहे. आधी 'ऑडिट', दुरुस्ती करू का विचारल्यावर हो म्हणायचं. मग 'पर्ज'. पण पर्जच्या खिडकीत एक गोष्ट दिसत नाही: रेगअ‍ॅप्स. दुसऱ्या प्रोग्रामांनी फाइलवर मारून ठेवलेले हे शिक्के असतात, आणि ब्लॉक इकडून तिकडे चिकटवताना ते हजारोंनी येतात. कमांडच्या आधी आडवी रेघ देऊन पर्ज लिहिलं की खिडकीऐवजी कमांड लाइनवर पर्याय येतात. तिथे 'आर', मग तारांकन, मग प्रत्येकाची खात्री करू का याला 'नाही'. हो म्हणालात तर प्रत्येक शिक्क्यासाठी वेगळं विचारलं जाईल आणि तुम्ही निवृत्त होईपर्यंत एंटर मारत राहाल. त्याच यादीत 'ऑर्फन्ड डेटा' आहे, तो मायक्रोस्टेशन या दुसऱ्या कॅड प्रोग्रामच्या फाइलींतून आलेला लाइनटाइपचा गाळ काढतो. एका खोलीचा प्लॅन ४० एमबीचा झाला असेल तर तो बहुधा याच गाळाने. स्केलची यादी उघडायला वेळ लागत असेल तर 'स्केललिस्टएडिट'ला तशीच आडवी रेघ लावून रिसेट. सरतेशेवटी पुन्हा एकदा ऑडिट. फाइल उघडतच नसेल तर 'रिकव्हर', आणि एक्सरेफसकट सगळं संशयास्पद असेल तर 'रिकव्हरऑल'.

हे सगळं मूळ फाइलच्या कॉपीवर करायचं, हे सांगायची गरज नसावी. सांगितलेलं बरं.

एकदा एककांकडे पाहून घ्या. अपग्रेडनंतर टेम्प्लेट बदललेलं असतं, आणि जिथे मिलिमीटर चालतात तिथे इंचवालं टेम्प्लेट येऊन बसतं. 'इन्सयुनिट्स'मध्ये १ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिलिमीटर, ६ म्हणजे मीटर. ब्लॉक मिलिमीटरमध्ये काढलाय पण त्याच्या फाइलवर १ लिहिलंय, तर तो मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये २५.४ पट होऊन उतरतो. सहा मिलिमीटरचा बोल्ट १५२.४ मिलिमीटरचा होतो आणि ज्या पट्टीला जोडायचा तिच्यापेक्षा रुंद निघतो. ब्लॉक दिसतच नाही अशी तक्रार असेल तर बहुधा उलटं झालेलं असतं. झूम एक्स्टेंट मारून कोपऱ्यातला ठिपका शोधा. ठिपक्यात अख्खी लिफ्ट असू शकते.

प्लॉटिंग, म्हणजे ड्रॉइंग कागदावर छापणं, आतापर्यंत मुद्दाम मागे ठेवलं, कारण अपग्रेडनंतरही ते असंच मागे राहतं आणि ऐन सबमिशनच्या संध्याकाळी आठवतं. लोक प्लॉटरच्या पीसी३ फाइली आठवणीने कॉपी करतात. पण हाताने तयार केलेली कागदाची मापं पीसी३ मध्ये नसतात, ती असतात पीएमपी फाइलमध्ये, प्लॉटर्स फोल्डरच्या आतल्या वेगळ्या फोल्डरात. ती राहिली की प्लॉटर दिसतो, कागद दिसत नाही. पेनांच्या जाड्या सीटीबी या प्लॉट स्टाइलच्या फाइलमध्ये असतात. ती सापडली नाही तर प्लॉट अडत नाही, निमूटपणे स्क्रीनवरच्या रंगात निघतो, आणि काळ्या पडद्यावर झळझळीत दिसणारी पिवळी रेघ पांढऱ्या कागदावर अदृश्य होते. मापं सगळी पिवळ्यात असतात, हे सांगायला नकोच.

पीडीएफची वेगळीच कहाणी. एसएचएक्स या ऑटोकॅडच्या स्वतःच्या फॉन्टमधली अक्षरं पीडीएफमध्ये रेघा होऊन जातात, त्यामुळे ती शोधता येत नाहीत. यावर तोडगा म्हणून नव्या आवृत्त्या प्रत्येक शब्दामागे एक अदृश्य कमेंट चिकटवतात. हेतू चांगला. पण पाहणाऱ्याकडे ती पीडीएफ उघडते तेव्हा ड्रॉइंगभर चौकटी उमटतात, बाजूच्या पट्टीत शेकडो कमेंट लागतात, आणि समोरून निरोप येतो: 'एवढ्या चुका कोणी काढल्या?' 'पीडीएफएसएचएक्स' ० करा आणि पीडीएफ पुन्हा काढा.

फॉन्टच सापडला नाही तर प्रोग्राम 'फॉन्टआल्ट'मधला पर्यायी फॉन्ट, बहुधा सिम्प्लेक्स, वापरतो. अक्षरांची रुंदी बदलते आणि टायटल ब्लॉकमधलं नाव चौकट ओलांडून शेजारच्या तारखेवर चढतं. जुने खास एसएचएक्स नव्या आवृत्तीच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये नेऊन ठेवा, किंवा त्यांचं वेगळं फोल्डर करून सपोर्ट पाथमध्ये द्या. दुसरा उपाय पुढच्या अपग्रेडलाही कामी येतो, पहिला येत नाही.

फाइल पुढे पाठवताना समोरच्याची आवृत्ती विचारा. २०१३ ते २०१७ च्या आवृत्त्यांची फाइल एकाच घडणीची, २०१८ ला घडण बदलली, आणि त्यानंतरच्या बऱ्याच आवृत्त्या त्याच घडणीवर राहिल्या. कुठली फाइल कोणत्या काळातली हे ओळखायला कॅडही लागत नाही. डीडब्ल्यूजी, म्हणजे ड्रॉइंगची फाइल, नोटपॅडमध्ये उघडा. पहिली सहा अक्षरं वाचता येतील, बाकी सगळा खिचडा. एसी१०२७ म्हणजे २०१३ ची घडण, एसी१०३२ म्हणजे २०१८ ची. बघून झालं की नोटपॅड सेव्ह न करता बंद करा. समोर २०१५ वाला बसला असेल तर ऑप्शन्समध्ये सेव्ह अ‍ॅज कायमचं २०१३ वर लावून टाका. रेव्हिट या इमारतींच्या मॉडेलच्या प्रोग्रामवाल्यांना ही सोय नाही. तिथे फाइल एकदा नव्या आवृत्तीत सेव्ह झाली की मागे फिरत नाही, म्हणून जुनी प्रत आधीच बाजूला काढावी लागते.

राहता राहिली जुनी आवृत्ती. दोन्ही एका मशीनवर सुखाने नांदतात, तेव्हा काढायची घाई नको. जागा अडवते म्हणून काढणार असाल तर त्याआधी एक पाहणी करा. ज्यांनी जुन्या प्रोफाइलची एआरजी फाइल नव्यात आयात केली असेल त्यांनी नव्या आवृत्तीच्या ऑप्शन्समध्ये फाइल्सचं पान उघडून प्रत्येक पाथ वाचावा. एआरजी नुसती आवडनिवड आणत नाही, जुने पत्तेही आणते. नवा प्रोग्राम मेन्यू, टेम्प्लेट आणि प्लॉट स्टाइलसाठी जुन्याच आवृत्तीच्या फोल्डरांत जात असतो आणि तोवर सगळं गोडीगुलाबीने चाललेलं असतं. जुनी आवृत्ती काढताच नवीला टेम्प्लेट सापडेनासं होतं, आणि सहा महिने धड चाललेल्या प्रोग्रामला अचानक काय झालं याचा शोध सुरू होतो. पाथमध्ये जुनं वर्ष दिसलं की तो पाथ नव्या फोल्डरकडे वळवा, सीटीबी आणि पीएमपी तिकडे हलवा, एक प्लॉट काढून बघा. ऑटोसेव्हची जागाही त्याच पानावर आहे. ती टेम्प फोल्डरमध्ये असेल तर बदलून स्वतःच्या लक्षात राहील अशी द्या, म्हणजे प्रोग्राम कोसळल्यावर 'एसव्ही' आणि डॉलर अशा शेपटाची फाइल शोधायला अ‍ॅपडेटाच्या पोटात पुन्हा उतरावं लागणार नाही. शेपूट बदलून डीडब्ल्यूजी केलं की ती उघडते. मग जुनी आवृत्ती काढा, खुशाल.